शब्दचर्चा : पीट-वनांच्या मजकुरातले कालवा, बंधारा, खचणे, वणवा

शब्दवेल्हाळ : इंडोनेशियातल्या पीट-वनांवरच्या मजकुरात हे वाक्य आहे : 'दलदलीच्या मातीतील कालव्यांवर बंधारे बांधल्याने जमीन खचणे व वणवे कमी होतात.' शब्द बरोबर आहेत का?

पाणकणीस : 'दलदलीची माती' नको, सरळ 'पीट' लिहा. ही खनिज माती नव्हेच. पाण्याखाली हवा न मिळाल्याने अर्धवट कुजून राहिलेलं लाकूड, मुळं, पानं म्हणजे पीट. तिथल्या व्याख्येत थर किमान ५० सेंमी लागतो. काही ठिकाणी तो १० मीटरहून जाड आहे.

'कालवा'ही खटकतो. आपल्याकडे कालवा पाणी आणतो, हे पाणी काढून नेतात. 'चर' म्हणा. मध्य कालिमंतानात (बोर्निओ बेटावरचा इंडोनेशियाचा प्रांत) १९९५-९६च्या सुमारास सुरू झालेल्या दहा लाख हेक्टरांच्या भातप्रकल्पासाठी ४,००० किमीहून अधिक लांबीचं असं जाळं खणलं. १९९९ मध्ये प्रकल्प गुंडाळला, निचरा चालूच राहिला.

शब्दवेल्हाळ : पण त्यातले मुख्य प्रवाह होड्या चालतील इतके रुंद आहेत. त्यांना चर?

पाणकणीस : मग 'निचरा-कालवा'. नुसता 'कालवा' मात्र नको.

गाळपेर : 'बंधारा' म्हटलं की साठा अपेक्षित असतो. इथे साठा नको, आजूबाजूच्या पीटमधली पातळी वर यायला हवी. म्हणून एकच उंच भिंत न घालता उतारावर ओळीने ठेंगणे 'बांध' घालतात. दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक साधारण २०-२५ सेंमी राहील असे. फरक वाढला की पाणी बाजूने आणि तळातून पीट पोखरत वाट काढतं. म्हणून बांधाची टोकं काठात खोल घुसवायची, मधून सांडवा ठेवायचा. काँक्रीट स्वतःच्या वजनाने रुततं. लाकडी खांबांच्या दोन रांगांमध्ये पीट ठासून भरलेलं बरं.

'खचणे'ही अपुरं आहे. सुरुवातीला पीट दबून बसतं हे खरं, पण पुढे कोरडा थर हवेशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. सुमात्रातल्या निचरा केलेल्या लागवडींत पहिल्या पाच वर्षांत मीटरभराहून जास्त, नंतर वर्षाला सुमारे ५ सेंमी अशी पातळी उतरलेली मोजली आहे. मी 'बसणे व झिजणे' असं दोन्ही लिहितो. जरा लांबतं, लांबू दे.

पाणकणीस : 'वणवा' पृष्ठभागावर धावतो. पीट जमिनीखाली 'धुमसतं', वरून विझलं तरी आत आठवडेच्या आठवडे. तिथे 'धुमसती आग' हवं.

शब्दवेल्हाळ : आणि त्याच मजकुरातलं 'पाण्याची पातळी -४० सेंमी'?

गाळपेर : 'पृष्ठभागाखाली ४० सेंमी' असं उलगडून लिहा. इंडोनेशियाच्या २०१६च्या सुधारित नियमानुसार लागवडीखालच्या पीटमध्ये पाणी याहून खोल गेलं की ते क्षेत्र बिघडलेलं धरतात. मोजणी भोकं पाडलेल्या नळीत होते. नळीचं तोंड जमिनीच्या वर असतं, तेवढी उंची वजा केली नाही तर ओलं पीटही कागदावर कोरडं दिसतं.