‘सहकार’ की ‘सहकार्य’? विकासनिधीच्या अनुवादातील एक अडचण

(सोलापूरकरांची लेखी चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याच्या भागाचे नाव दिले आहे.)

साखर पेठ
महिला बचत गटांच्या प्रशिक्षणासाठी मी एका इंग्रजी पुस्तिकेचा अनुवाद करीत आहे. संयुक्त राष्ट्रे, जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी या संस्था गरीब देशांच्या विकासासाठी एकमेकींबरोबर कसे काम करतात, हा तिचा विषय. एका प्रकरणाला मी ‘आंतरराष्ट्रीय विकास सहकार’ असा मथळा दिला होता. गेल्या आठवड्यात मसुदा बैठकीत वाचून दाखवला, तेव्हा विड्या वळत बसलेल्या एका मावशींनी मांडीवरचे सूप बाजूला ठेवून विचारले, “म्हणजे जागतिक बँकेचा शेअर घ्यावा लागतो का?” त्यांचा प्रश्न रास्त होता. आपल्या जिल्ह्यात ‘सहकार’ म्हटले की सभासद, चेअरमन, ऊसबिल आणि वार्षिक सभा हेच डोळ्यांपुढे येते. मग येथे ‘सहकार्य’ लिहावे, ‘सहयोग’ की ‘भागीदारी’?

होटगी रस्ता
ताई, सहकार खात्यात माझी नोकरी झाली, म्हणून आग्रहाने लिहितो की येथे ‘सहकार’ चालणार नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याचा कणा ‘एक सभासद, एक मत’ हा आहे. दहा एकर ऊस असलेला आणि दहा गुंठे असलेला सभेत सारखेच. जागतिक बँकेत मात्र देश भागधारक असतात आणि त्यांची मते मुख्यतः भागांच्या प्रमाणात ठरतात. नाणेनिधीतही ती कोट्यावर, म्हणजे प्रत्येक देशाने निधीत भरायच्या ठरलेल्या वाट्यावर, अवलंबून असतात. त्यामुळे मावशींचा प्रश्न नेमक्या जागी बोट ठेवतो: शेअर आहेत, पण ते देशांचे आहेत आणि तो सहकार नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत प्रत्येक देशाला एकच मत असते, म्हणजे सहकाराचे तत्त्व असलेच तर तेथे आहे. एका शब्दाखाली दोन्ही कोंबले, तर हा फरक वाचणाऱ्याला कधीच दिसणार नाही.

अशोक चौक
सरांचा मुद्दा कायद्याच्या दृष्टीने बरोबर आहे, पण शब्द कायद्याच्या मालकीचा नसतो. आमच्या घरी तेलुगू बोलतात. ‘सहकारम्’ म्हणजे कोणतीही मदत, कोणतीही साथ. लग्नाच्या मांडवापासून यंत्रमागाच्या दुरुस्तीपर्यंत माझ्या आजीच्या तोंडी तोच शब्द असे. शहराच्या पूर्वभागात निम्म्या घरांत हा अर्थ जिवंत असताना, मराठीत तो कारखान्यांपुरता आवळून का धरावा?

बाळीवेस
कन्नडमध्येही तसेच आहे. ‘सहकार’ हा तेथे सर्वसाधारण साहाय्याचा शब्द. संस्कृत काव्यात तर ‘सहकार’ म्हणजे सुगंधी आंबा. परंतु मूळ अर्थ किंवा शेजारचा अर्थ दाखवून आजच्या मराठी वाचकाचा गोंधळ मिटत नाही. मी ‘सहकार्य’ लिहीन. २०२५ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी ‘आंतरराष्ट्रीय सहकार वर्ष’ म्हणून जाहीर केले, ते सहकारी संस्थांसाठी. आणि त्याच वर्षी स्पेनमधील सेव्हिल येथे विकासासाठीच्या अर्थपुरवठ्यावर चौथी परिषद भरली, ती सर्वस्वी वेगळी. दोन्हींना ‘सहकार’ म्हटले, तर बातमी कशाची हे कसे कळावे?

दक्षिण कसबा
मूळ मुद्द्याआधी एक गोष्ट. पुस्तिकेत ‘आंतरराष्ट्रीय’ असेच छापावे, ‘अंतरराष्ट्रीय’ नव्हे. ‘अंतर्’ म्हणजे आत. म्हणून देशातल्या देशात जाणारे ते अंतर्देशीय पत्र. राष्ट्राराष्ट्रांमधले ते आंतरराष्ट्रीय. हिंदी फलकांमुळे ही चूक आपल्याकडे शिरली आहे आणि विद्यार्थी तीच गिरवतात, याचे मला मनापासून दुःख होते.

अशोक चौक
अर्थ समजतो ना? एका कान्यावरून वाचणाऱ्या बाईला अडवू नये.

दक्षिण कसबा
अडवत नाही. तिला चुकीचे छापून देऊ नये, एवढेच म्हणतो. शिकणाऱ्याच्या हातातला कागद अधिक नेमका असावा.

साखर पेठ
मी ‘आंतरराष्ट्रीय’च लिहिले आहे, सर. सहकार्याच्या बाजूने मला आणखी एक आधार सापडला. संयुक्त राष्ट्रे आणि जागतिक बँक यांच्यातील १९४७ च्या करारात बँकेला संयुक्त राष्ट्रांची विशेष संस्था मानले, पण तिने स्वतंत्र आंतरराष्ट्रीय संस्था म्हणून काम करणे आवश्यक आहे, असेही त्यात म्हटले. दोन स्वतंत्र घरे एका कामापुरती एकत्र येतात, ते सहकार्य. मथळा मी बदलते.
मात्र दुसरी अडचण उरते. आंतरराष्ट्रीय विकास संघटना, म्हणजे जागतिक बँकेची १९६० साली स्थापन झालेली शाखा, गरीब देशांना अल्प व्याजाने किंवा बिनव्याजी, दीर्घ मुदतीने पैसे देते आणि त्याला ‘लोन’ न म्हणता ‘क्रेडिट’ म्हणते. हे ‘पत’ लिहावे का? २०१४ पर्यंत भारतही तिच्या नियमित कर्जदारांत होता, म्हणून हे प्रकरण मला वगळायचे नाही.

होटगी रस्ता
‘पत’ नको. पतसंस्थेमुळे पुन्हा सभासद आठवतील. ‘सवलतीचे कर्ज’ लिहा.

अशोक चौक
बचत गटातल्या बायकांना ‘सवलत’ म्हटले की माफी वाटते. कर्जमाफीच्या याद्या त्यांनी पाहिल्या आहेत. ‘कमी व्याजाचे, लांब मुदतीचे कर्ज’ असे सरळ लिहावे, शब्द चार जास्त गेले तरी चालतील.

बाळीवेस
पण मग मूळ संस्थेने जो भेद मुद्दाम केला, तो अनुवादात राहिला कोठे?