परफोर्स विकत घ्यावं का गिटवरच राहावं?

परसोडीकर: आयटी पार्कात आमची 14 जणांची टीम आहे, अर्धे कोड लिहितात अर्धे थ्रीडी मॉडेल बनवतात, सगळं गिटवर, म्हणजे फाइलींचा प्रत्येक बदल नोंदवून जुन्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या फुकटच्या सॉफ्टवेअरवर. आता पार्टनर मागे लागून राहिला की परफोर्स घेऊ, तेच काम करणारं विकतचं सॉफ्टवेअर, कंपनीचा सपोर्ट भेटते. माझा विरोध आहे. पैशाचं नाही हो, आपल्या कामाची सगळी हिस्ट्री दुसऱ्याच्या लायसन्सवर ठेवायची हे पटत नाही. लिनक्स कर्नलवाले, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा लिहिणारे, 2002 पासून बिटकीपर हे असंच एका कंपनीचं सॉफ्टवेअर फुकट वापरत होते, 2005 मधे कंपनीनं ते बंद केलं अन् त्याच वर्षी एप्रिलमधे लिनक्स बनवणाऱ्या टोरवाल्ड्सनं गिट लिहायला घेतलं. तो होता म्हणून निभावलं, आपल्यावर आली तर?

आर्टवाला: भाऊ, ते फुकट होतं म्हणून काढून घेता आलं, पैसे भरून करार केला असता तर गोष्ट वेगळी. तुमच्या मॉडेलवाल्यांना विचारलं काय? आमच्याकडे दोघांनी एकच कॅरेक्टर फाइल उघडली, दोघांनी दोन दिवस काम केलं, अन् मॉडेलसारखी बायनरी फाइल मर्ज होतच नाही, म्हणजे दोघांचे बदल एकत्र जोडता येत नाहीत, म्हणून एकाचं काम सरळ फेकावं लागलं, पोरगी रडली हो ऑफिसात. परफोर्समधे फाइल लॉक करून घेता येते, दुसऱ्याला लगेच दिसते कोणाकडे आहे. गेम स्टुडिओ काहून पैसे मोजतात मग?

परसोडीकर: गिट एलएफएसमधे, म्हणजे गिटच्या मोठ्या फाइलींसाठीच्या जोडणीत, पण लॉक आहे ना.

आर्टवाला: आहे, पण गिटअ‍ॅट्रिब्यूट्स या सेटिंगच्या फाइलमधे त्या फाइली लॉकेबल लिहिल्या काय तुम्ही? नाही लिहिल्या तर लॉक न घेताच कोणीही एडिट करत बसते.

मिहानवाली: लॉकच पाहिजे तर सबव्हर्जन नावाच्या अशाच सॉफ्टवेअरमधे 2005 पासून आहे, ओपन सोर्स म्हणजे कोड सगळ्यांना खुला, कोणी नावच घेत नाही. आम्ही मॉडेल तिथं ठेवतो, कोड गिटवर. मे महिन्यात सर्व्हरची लाइट गेली तरी कोडवाले लॅपटॉपवर कमिट करत, म्हणजे बदल नोंदवत राहतात, सबव्हर्जन काय परफोर्स काय, सर्व्हर बंद म्हणजे कमिट बंद. अन् परसोडीकर, परफोर्समधून हिस्ट्री काढता येते बरं, गिटसोबतच गिट-पीफोर नावाचं टूल येते. ती भीती मनातून काढा.

परसोडीकर: गिट-पीफोर माहीत नव्हतं. पाच जणांपर्यंत परफोर्स फुकट आहे तर मॉडेलवाल्यांपैकी पाच जणांना महिनाभर देऊन पाहतो, लॉकचा त्रास खरंच आहे आमच्याकडेही. कोड मात्र गिटवरून हलवणार नाही, पार्टनर कितीही म्हणो.