पक्षीखाद्याच्या पिशवीत जाळी आणि कुबट वास: वाळवण कमी पडतंय का?

कणगी:
घरचं सूर्यफूल, घरची बाजरी आणि विकत घेतलेले शेंगदाणे असं रानपाखरांचं खाद्य आम्ही पिशव्यांत भरून विकतो. सहा-सात आठवड्यांत जाळी धरते, तळाशी गठ्ठे होतात. बी चार दिवस उन्हात असतं. बरणीत मीठ घालून हलवलं तर मीठ काचेला चिकटत नाही. मग ओल येते कुठून?

उफणणी:
मिठाची परीक्षा साधारण १५ टक्क्यांवरची ओल दाखवते. बाजरीला १२ चालेल, पण सूर्यफूल ९ च्या आत आणि सोललेले दाणे ७ च्या आसपास हवेत. तेल पाणी धरत नाही, त्यामुळे तेलबीची सगळी ओल उरलेल्या भागात असते. १२ टक्क्यांचं सूर्यफूल म्हणूनच लवकर बुरसटतं. मॉइश्चर मीटर घ्या, नमुना पोत्याच्या मधून आणि तळातून काढा. फुलाच्या चकतीचे तुकडे आधी चाळून टाका, ते बियांपेक्षा ओले असतात. आणि उन्हातलं बी गरम असताना भरता का? रात्री प्लास्टिकला आतून दव धरतं, ते तळाशी उतरतं. तुमचे गठ्ठे बहुधा त्याचेच. मुठीत घेतलेलं बी गार लागेपर्यंत सावलीत पसरून ठेवा.

चाळणवाला:
जाळी पतंगाच्या अळीची, तिची अंडी धान्याबरोबरच येतात. लहान पिशव्या उणे १८ अंशांवर चार दिवस ठेवा. मोठ्या पोत्याच्या पोटात गारवा वेळेत पोचत नाही. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्णपणे खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर पुन्हा ओल. यंत्राच्या सांध्यांत अडकलेले जुने दाणे ब्रशने काढा, नवा माल तिथूनच बिघडतो. विषारी गोळ्या मात्र घरात नकोच.

उफणणी:
शेंगदाण्याचं राहिलं. प्रत्येक खेपेचा अफ्लाटॉक्सिनचा, म्हणजे बुरशीच्या विषाचा, अहवाल मागा. हे विष डोळ्यांना दिसत नाही आणि भाजूनही पुरतं जात नाही. खारे दाणे कधीच घालू नका.

कणगी:
गठ्ठे झालेला माल कोंबड्यांना घातला तर चालेल?

उफणणी:
अजिबात नको. कोंबड्यांनाही बाधतं, बदकांच्या पिल्लांना तर फारच. खोल पुरा, वर पाखरं टिपायला येणार नाहीत असं.