‘सिंगल’ आणि ‘फिमेल-फ्रंटेड’ यांना मराठीत काय म्हणावे?

लेखणी : वुल्फ ॲलिस या लंडनच्या रॉक बँडविषयीच्या एका लेखाचा मी अनुवाद करत आहे. एली रौझेल ही मुख्य गायिका असल्याने मूळ लेखात बँडला ‘फिमेल-फ्रंटेड’ म्हटले आहे आणि 2025 साली ‘द क्लिअरिंग’ या अल्बमच्या आधी आलेल्या तीन गाण्यांना ‘सिंगल’. मी ‘स्त्रीस्वराच्या बँडची तीन एकल गाणी’ असे लिहिले, तर संपादकांनी समासात पेन्सिलीने विचारले, ‘एकल? मग उरलेले तिघे घरी गेले का?’ शिवाय त्यांतल्या ‘व्हाइट हॉर्सेस’ या गाण्याची कडवी ड्रमवादक जोएल एमी गातो, त्यामुळे ‘स्त्रीस्वराचा’ हे विशेषणही नेमके तिथेच खोटे पडते. काही सुचवाल का?

मराठीच : ‘एकल’ हा शब्द गायनात एकट्याने गाण्यासाठी रूढ आहे, तो इथे चालणार नाही. ‘सुटे गाणे’ म्हणा. सुटे पैसे, सुटी फुले म्हणताना आपण अडखळत नाही, मग गाण्यापाशीच इंग्रजी कशाला हवे?

सुईतबकडी : सुटे म्हणजे कशातून तरी सुटलेले, आणि सिंगल तर बहुधा अल्बमच्या आधी येते. आमच्या घरी मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकड्या होत्या. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावत असे आणि वडील एवढेच म्हणत, ‘आता दुसरी बाजू लाव.’ सगळीच गाणी एकेकटी असल्यामुळे त्यांना वेगळे नाव देण्याची गरजच नव्हती. 1948 साली कोलंबिया कंपनीने अनेक गाणी मावणारी दीर्घ तबकडी (एलपी) आणली, 1949 साली आरसीए व्हिक्टरने 45 फेऱ्यांची छोटी आणली, आणि मोठी समोर आल्यावर छोटीचे एकटेपण डोळ्यांत भरू लागले. आपल्याकडे तिला सरळ ‘रेकॉर्ड’ म्हणत, आणि त्याने कोणाचे काही अडले नाही.

मराठीच : सुईतबकडी, तुमचा आक्षेप मला मान्य नाही. पॅरामोर या अमेरिकन बँडची गायिका हेली विल्यम्स हिने 2025 च्या ऑगस्टमध्ये स्वतःच्या नावाने 17 गाणी एकाच वेळी, पण प्रत्येक स्वतंत्र, अशी प्रसिद्ध केली आणि महिनाअखेरीस त्यांचा अल्बम केला. आधी सुटी फुले, मग हार. याहून नेमका शब्द दाखवा. ‘सिंगल’ म्हटले की तो, ती की ते, इथूनच भांडण सुरू होते, आणि ‘तिचे सिंगल’ वाचून माझ्या भाचीला वाटले की बाईचा काडीमोड झाला.

झीलकरी : प्रश्नाचा दुसरा भाग सगळेच विसरलेले दिसतात. गायिका पुढे उभी असली की लोक तिलाच बँड समजतात. ब्लाँडी या बँडची गायिका डेबी हॅरी हिच्या बाबतीत हे इतके झाले की ‘ब्लाँडी हा एक समूह आहे’ असे छापलेले बिल्ले वाटावे लागले. उलट द वॉर्निंग या मेक्सिकोच्या बँडमध्ये तिघी सख्ख्या बहिणी आहेत, तेव्हा तिथे कोण कोणाच्या पुढे उभे आहे? तमाशात विठाबाई नारायणगावकरांच्या नावाचाच फड होता आणि त्याला कोणी ‘स्त्रीस्वराचा फड’ म्हटले नाही. पुढे असणारी ती म्होरकी, म्हणून ‘जिची म्होरकी गायिका आहे असा बँड’ असे लिहावे. ‘म्होरं’ म्हणजे पुढे, आणि बुद्धिबळातला मोहराही मला त्याच घरातला वाटतो.

सुईतबकडी : मोहऱ्याची ही सोयरीक आपण स्वतःच जमवलेली दिसते. म्होरक्या हा दरोडेखोरांचा असतो.

झीलकरी : वर्तमानपत्रात असेल. आमच्या गावी दिंडीच्या पुढे चालणाऱ्यालाही म्होरक्याच म्हणतात.

बांधावरून : आमच्याकडे म्होरकी बैलाला घालतात. तोंडाभोवती आणि शिंगांमागून घेतलेली ती दोरी असते. आपण एली रौझेलबाईंना काय म्हणत आहात, याचा एकदा विचार व्हावा.

लेखणी : मजकूर उद्या दुपारी छपाईला जायचा आहे. तूर्त ‘एली रौझेल मुख्य गायिका असलेल्या बँडची तीन नवी गाणी’ असे लिहिते, पण त्यात ‘अल्बमच्या आधी स्वतंत्रपणे आलेली’ हा अर्थ येत नाही. त्याचे काय करावे?

मराठीच : ‘सुटी’ लिहा, हे मी पहिल्यापासून सांगत आहे.

झीलकरी : बांधावरून, आपण सांगता ती वेसण असावी.

बांधावरून : वेसण नाकातून ओवतात. म्होरकी नाकात जात नाही.