घरच्या घरी ट्रॅकवर ट्रॅक: तुमची सुरुवात कशी झाली?

पेटी, तबला, गिटार वाजवणारे बरेच जण आता लॅपटॉपवर गाणी रचू लागलेत. पहिलं रेकॉर्डिंग करताना कुठे अडलात आणि ते कसं सुटलं, सविस्तर लिहा. मीच सुरुवात करते.

आमच्याकडे आजोबांची पेटी आहे. तिच्यावर एक अभंग वाजवून रेकॉर्ड केला आणि दुसऱ्या ट्रॅकवर सॉफ्टवेअरमधला तानपुरा लावला, काळी दोन. पट्टी तीच, तरी कानाला काहीतरी सतत टोचत होतं. दोन दिवस माईकची जागा बदलत बसले. शेवटी पेटीचा नुसता सा धरून ट्यूनरवर पाहिला, तर २२ सेंट चढा (शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले की एक भाग म्हणजे सेंट)! सॉफ्टवेअरमधली वाद्यं साधारणपणे ४४० हर्ट्झच्या 'ए'ला (पाश्चात्त्य सुरांमधला एक सूर) लावलेली येतात. जुनी पेटी त्या मापाची असेलच असं नाही. पेटीचे सूर घासायला कारागीर लागतो, तानपुरा मात्र एका आकड्याने वर जातो. २२ सेंट वर नेला आणि असा मिळाला की हेडफोन काढून लगेच आईच्या कानांना लावला.

---

माझं घोडं उशिरापाशी अडलं. मिडी कीबोर्डवर (कोणती पट्टी दाबली एवढंच लॅपटॉपला कळवणारा) बोट पडायचं आणि पियानो मागून यायचा. बफर, म्हणजे आवाज बाहेर सोडण्याआधी लॅपटॉप जेवढा साठवून घेतो तो भाग, १०२४ सॅम्पलवर (आवाजाच्या बारीक तुकड्यांवर) होता. सेकंदाला ४४,१०० सॅम्पलच्या रेटला तेवढ्यानेच २३ मिलिसेकंद जातात. आसिओ ड्रायव्हर (विंडोजवर आवाजाचा उशीर कमी करणारं सॉफ्टवेअर) टाकून १२८ केला, ते तीनच्या आत आलं. मिक्स करताना मात्र बफर परत वाढवतो, नाहीतर वाद्यं वाढली की आवाज तडतडतो.

---

फक्त मिडीवर काम करायचं असेल तर ऑडिओ इंटरफेस (माईक, गिटार लॅपटॉपला जोडायची पेटी) लगेच घेऊ नका, असं मी कळकळीने सांगेन. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ६० दिवस फुकट वापरता येतं, तेवढ्यात हात बसतो. गाणं मी कपाट उघडून साड्यांसमोर म्हणते. खोलीचा घुमारा बराच कमी होतो.

---

आईच्या जात्यावरच्या ओव्या घ्यायच्या होत्या. कानात क्लिक (लय धरायची टिकटिक) वाजली की ती थबकायची. मग क्लिक काढून टाकली, तिला तिच्या लयीत गाऊ दिलं आणि नंतर प्रत्येक चरणाच्या सुरुवातीला सॉफ्टवेअरमध्ये हाताने टेम्पोची (लयीच्या वेगाची) खूण केली. आता बासरी तिच्या श्वासाबरोबर थांबते. तीन ओव्यांना अख्खी संध्याकाळ गेली. अजून अकरा बाकी आहेत.