मदत हवी आहे: व्हीपीएसवर नवा कर्नल टाकला, पण रीबूटनंतर जुनाच चालतोय

निळीखिडकी: नमस्कार मंडळी. केव्हीएमवरचा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) आहे, त्यावर डेबियन १२ लिनक्स. बॅकपोर्ट्समधून (डेबियनचं नव्या आवृत्त्यांचं भांडार) लिनक्स-इमेज-एएमडी६४ हे कर्नलचं (लिनक्सच्या गाभ्याचं) पॅकेज टाकलं. ६.१२ कर्नल विनातक्रार बसला, अपडेट-ग्रबलाही तो दिसला (ग्रब म्हणजे बूट होताना कर्नल चढवणारा बूटलोडर). रीबूट केल्यावर मात्र चालू कर्नलचं नाव सांगणारं 'युनेम -आर' ६.१ च दाखवतं आणि पुढे प्रोव्हायडरच्या नावाचं शेपूट. कर्नलचं मॉड्यूल चढवायला मॉडप्रोब केलं तर लिब/मॉड्यूल्समध्ये त्या नावाची डिरेक्टरीच नाही म्हणतं. सर्व्हर चालू कामाचा आहे, एसएसएच (दुरून लॉगिन) गेलं तर पंचाईत. काय करू?

रूटवाला: ते शेपूटच सगळं सांगतंय. युनेम जे नाव देतं त्या नावाची व्हीएमलिनझ (कर्नलची) फाइल तुमच्या /बूटमध्ये आहे का बघा. नसेल तर कर्नल तुमच्या डिस्कवरून चढतच नाही, होस्ट (प्रोव्हायडरचं मूळ मशीन) तो बाहेरून देतोय. मग ग्रबमध्ये कितीही बदल केलेत तरी ते कोणी वाचणार नाही. प्रोव्हायडरच्या पॅनेलमध्ये बूट किंवा कर्नल अशी सेटिंग असते, तिथे ग्रब किंवा 'डिस्कवरून बूट' निवडा.

पण लगेच नको. आधी 'कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन' चालवून आउटपुट (कर्नलला बूट होताना मिळालेले पॅरामीटर) जपून ठेवा. आत्ता हे पॅरामीटर होस्ट देतोय, उद्यापासून ते ग्रबला द्यावे लागतील. त्यात नेट.आयएफनेम्स=० असेल आणि तुम्ही ते ग्रबच्या कमांडलाइनमध्ये घातलं नाही, तर नेटवर्क इंटरफेस ईटीएच० चं नाव ईएनएस३ वगैरे होतं, नेटवर्कच्या कॉन्फिगमध्ये जुनं नाव राहतं आणि मशीन व्यवस्थित बूट होऊनही बाहेरून मेल्यासारखं दिसतं.

दुसरं, एलएसबीएलके (डिस्क आणि पार्टिशनची यादी) बघा. रूट फाइलसिस्टिम व्हीडीए१ वर (व्हीडीए डिस्कच्या पहिल्या पार्टिशनवर) असेल तर 'ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/व्हीडीए' करा. बाहेरून बूट होणाऱ्या इमेजमध्ये बूटलोडर बऱ्याचदा नसतोच. रूट थेट व्हीडीएवर असेल, म्हणजे पार्टिशन टेबलच नसेल, तर ग्रब-इन्स्टॉलच्या नादी लागू नका. तिथे पॅनेलमधला प्रोव्हायडरचा ग्रबच हवा. तो तुमची ग्रब.सीएफजी वाचतो.

निळीखिडकी: बरोबर, /बूटमध्ये त्या नावाची फाइल नाही. रूट व्हीडीए१ वर आहे. नेट.आयएफनेम्स=० आहे, शिवाय कन्सोल=टीटीवायएस०. आता नवा कर्नल चढलाच नाही तर परत कसं यायचं?

तिसरीपाळी: परतीची वाट आधी बांधा, मग रीबूट. स्नॅपशॉट (डिस्कची आत्ताची प्रत) घ्या. रूट युजरला पासवर्ड लावा. फक्त एसएसएच कीवर चालणाऱ्या मशीनच्या वेब कन्सोलवर लॉगिनच करता येत नाही, हे बहुतेकांना ऐनवेळी कळतं.

डेबियनचा मूळ ६.१ कर्नलही बसवलेला ठेवा. ग्रब_डिफॉल्ट=सेव्ह्ड करा, कमांडलाइनमध्ये जुन्या दोन पॅरामीटरसोबत पॅनिक=३० घाला, मग अपडेट-ग्रब. 'ग्रब-सेट-डिफॉल्ट'ला ६.१ ची एंट्री द्या आणि 'ग्रब-रीबूट'ला ६.१२ ची. नवा कर्नल त्यामुळे एकदाच चढेल. पॅनिक झाला (कर्नल कोलमडला) तर ३० सेकंदांनी मशीन स्वतःहून ६.१ वर येईल. रूट डिस्क सापडली नाही तरी पॅनिक= असल्यामुळे इनिटरॅमएफएसच्या (बूटच्या सुरुवातीची छोटी फाइलसिस्टिम) शेलमध्ये अडकून न राहता रीबूट करतं. एंट्री ग्रबच्या सबमेन्यूत असते, म्हणून सबमेन्यूचं नाव, मग > चिन्ह, मग एंट्रीचं नाव, असं पूर्ण द्या.

एक मोठी अट: /बूट एलव्हीएम (लॉजिकल व्हॉल्यूम) किंवा रेडवर (जोडलेल्या डिस्क) असेल तर ग्रबला तिथे लिहिता येत नाही, 'एकदाच' ही खूण पुसली जात नाही आणि मशीन बिघडलेल्या कर्नलवरच फिरत राहतं. तिथे हा उपाय वापरू नका.

रूटवाला: पूर्ण सहमत. एवढंच जोडतो की 'एलएसइनिटरॅमएफएस'च्या आउटपुटमध्ये व्हर्टआयओ (आभासी डिस्क वगैरेंचे ड्रायव्हर) ग्रेप करा, म्हणजे शोधा. व्हर्टआयओ_बीएलके आणि व्हर्टआयओ_पीसीआय दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर इनिटरॅमएफएस.कॉन्फमध्ये मॉड्यूल्स=मोस्ट करून अपडेट-इनिटरॅमएफएस परत चालवा. आणि एफएसटॅबमध्ये (माउंटची यादी) व्हीडीए१ ऐवजी फाइलसिस्टिमचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) लिहा.

निळीखिडकी: झालं! युनेम आता ६.१२ दाखवतं, मॉडप्रोबही चालतं, नेटवर्क जागेवर. दोघांचे मनापासून आभार.

तिसरीपाळी: छान. दोन-चार दिवस नीट चालला की 'ग्रब-सेट-डिफॉल्ट'ला ६.१२ द्या, नाहीतर पुढच्या रीबूटला ६.१ च येईल. डीकेएमएसचं (प्रत्येक कर्नलसाठी पुन्हा बिल्ड होणारी बाहेरची मॉड्यूल्स) काही वापरत असाल तर बॅकपोर्ट्समधलेच लिनक्स-हेडर्स-एएमडी६४ टाका.