इंग्रजी बनावटीचे जुने चमचे-काटे: चांदी की चांदीचा मुलामा?

धरमपेठची_नात:
नमस्कार. १९५६ साली नागपूरची राजधानी गेली आणि सचिवालयातील मंडळी भोपाळला निघाली, तेव्हा सिव्हिल लाइन्समधील एका बंगल्यातील सामानाचा लिलाव झाला होता. त्यात आजोबांनी घेतलेली एक लाकडी पेटी आता माझ्याकडे आली आहे. आत निळ्या मखमलीच्या खाचांत सहा चमचे, सहा काटे आणि सहा सुऱ्या आहेत. चमच्याच्या दांड्यामागे एक इवलेसे फडकते निशाण असून त्यात ‘डब्ल्यू अँड एच’ अशी अक्षरे आहेत, आणि शेजारी चार वेगळ्या चौकटींत ‘ई’, ‘पी’, ‘एन’, ‘एस’. घरात सर्वजण ही चांदीच समजत आले. मागच्या आठवड्यात इतवारीतील एका सराफांनी चमच्याच्या पाठीवर कानस मारून ‘चांदी नाही’ असे सांगितले आणि मोडीच्या भावाने ठेवून घेण्याची तयारी दाखवली. तो ओरखडा पाहून जीव कळवळला. या वस्तू कोणी केल्या असाव्यात, आणि पाठ पिवळट पडलेल्या चमच्यांना पुन्हा पाणी चढवावे का?

जुनी_नाममुद्रा:
सराफांचे निदान बरोबर आहे, कानस मारणे मात्र अनावश्यक होते, कारण उत्तर त्या चार अक्षरांतच आहे. त्यांचा अर्थ ‘निकेल सिल्व्हरवर विजेने चढवलेला मुलामा’ असा आहे. निकेल सिल्व्हर म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू, त्यात नावापुरतीही चांदी नसते. अक्षरे स्वतंत्र चौकटींत ठोकण्याची पद्धत अशी, की दुरून ती खऱ्या चांदीवरच्या हॉलमार्कसारखी दिसावीत. पण इंग्लंडमधील स्टर्लिंग (म्हणजे ९२.५ टक्के शुद्ध) चांदीवर चालता सिंह असतो, तो येथे आढळणार नाही.

निशाणातील ‘डब्ल्यू अँड एच’ म्हणजे इंग्लंडमधील शेफिल्ड शहरातील वॉकर अँड हॉल ही कंपनी. जॉर्ज वॉकर यांनी १८४५ मध्ये ती सुरू केली. त्याआधी पाच वर्षे, १८४० मध्ये, बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन चुलतभावांनी विजेच्या साहाय्याने मुलामा देण्याच्या कृतीचे पेटंट घेतले होते. सायनाइडच्या द्रावणात चांदीचा पत्रा आणि चमचा टांगून विद्युतप्रवाह सोडायचा, म्हणजे चांदी पत्र्यावरून निघून चमच्यावर बसते. ही कृती हाती येण्यापूर्वी, थॉमस बॉल्सोव्हर यांनी १७४० च्या दशकात शोधलेल्या पद्धतीने, तांब्यावर चांदीचा पत्रा तापवून जोडत आणि मग लाटत. तशी वस्तू झिजली की खालून लाल तांबे दिसते. आपल्या चमच्यांची पाठ पिवळट दिसते, म्हणजे आत निकेल सिल्व्हर आहे हे याही खुणेवरून पटते.

या धंद्यात घराण्यांचा वाटा फार मोठा होता, आणि मला स्वतःला ह्याच भागाचे सर्वांत जास्त अप्रूप वाटते. जेम्स डिक्सन अँड सन्स १८०६ पासूनची. तिच्या मालावर तुतारीची खूण असते. मॅपिन कुटुंबातील जॉन न्यूटन मॅपिन भावांपासून वेगळे झाले आणि मेहुणे जॉर्ज वेब यांच्यासह त्यांनी मॅपिन अँड वेब उभी केली. पॅरिसच्या शार्ल क्रिस्तोफ्ल यांनी १८४२ मध्ये एल्किंग्टनांकडूनच विजेच्या मुलाम्याचे हक्क घेतले.

पुन्हा मुलामा देण्याविषयी माझे मत स्पष्ट आहे: जेवणासाठी रोज वापरणार असाल तरच द्यावा. त्याआधी चमचा चाकावर घासून गुळगुळीत करतात, आणि त्या घासणीत निशाणाच्या कडा पुसट होतात. आपल्या पेटीचे मोल त्या निशाणातच आहे.

सीताबर्डीची_काकू:
बाई गं, रांगोळीने किंवा राखेने घासू नकोस, एवढेच आधी सांगते. आपल्याकडे देवाची चांदी रांगोळीने उजळवतात, पण मुलामा केसापेक्षाही पातळ असतो आणि तो रांगोळीबरोबर निघून जातो. काळेपणा गंधकामुळे येतो, म्हणून अंडे खाल्लेला चमचा लगेच धुवावा, आणि चमच्यांना रबराचे बँड लावून ठेवू नयेत. फार काळवंडले असतील तर पातेल्यात अॅल्युमिनियमचा कागद अंथरून त्यावर चमचे ठेवावेत, खायचा सोडा घातलेले कढत पाणी ओतावे. काळी पुटे घासल्याविना सुटतात. सुऱ्या मात्र त्या पाण्यात मुळीच टाकू नकोस. पोकळ मुठीत राळ भरलेली असते, ती उष्णतेने मऊ होते आणि पाते हलू लागते.

जुनी_नाममुद्रा:
सुऱ्यांचा उल्लेख झाला म्हणून विचारतो: पात्यावर काही लिहिले आहे का? गंज न धरणारे पोलाद शेफिल्डमध्येच हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ मध्ये शोधले, त्यामुळे त्यावरून काळ ठरवायला मदत होते.

धरमपेठची_नात:
आपणा दोघांचे मनापासून आभार. भिंग लावून पाहिले. सहाही पात्यांवर मुठीजवळ ‘स्टेनलेस’ असे बारीक कोरलेले आहे, म्हणजे निदान सुऱ्या तरी १९१३ नंतरच्या ठरतात. चमच्यांवर घासल्याच्या खुणा सुऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत, आणि दोन सुऱ्या मखमलीच्या खाचांत नीट बसतही नाहीत. बहुधा मूळच्या सुऱ्या गंजल्यावर त्या बंगल्यात कोणीतरी नव्या मागवून याच पेटीत ठेवल्या असाव्यात. मुलामा चढवण्याचा विचार मी सोडून दिला आहे.